आमच्या कुत्रीच्या उड्या

कुत्री पाळायचा विचार माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. माझा मुलगा तिला घेऊन आला, जवळच्या अथाल गावच्या पुलाजवळून, कॉलेजच्या बॅगेत घालून. बॅगेची चेन अर्धी उघडी आणि त्यातून एक कान बाहेर. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता सोडून ये." बायको म्हणाली, "अहो, आधी दूध तर पिऊ द्या, मग सोडेल." झालं! ते दूध पिऊन झालं त्याला आता तीन वर्षं होतील.

रंगाने ती तांबडी, छातीवर पांढरा पट्टा, एक कान उभा आणि एक पडलेला. गावठीच. माझा मुलगा रोज संध्याकाळी तिला नदीपर्यंत पळवत न्यायचा आणि दोघंही चिखलाने भरून परत यायचे. मी ओरडायचो. ओरडणं हे माझं कामच आहे म्हणा. खडोलीच्या बाजूला एका धाग्याच्या फॅक्टरीत मी शिफ्ट इन्चार्ज आहे, धुळ्याहून इथे गुजराती मुलखात आलो त्याला बावीस वर्षं झाली, आणि मशीनच्या आवाजात बोलून बोलून माझा घरातला आवाजही तसलाच झालाय. बायको म्हणते, तुम्ही मीठ मागितलं तरी शेजारी घाबरतात.

मागच्या पावसाळ्यात मुलाला पुण्यात नोकरी लागली. आमच्या दोघांचं बोलणं तसं कमीच. बसमध्ये चढताना तो एवढंच म्हणाला, "पप्पा, हिला कुठं देऊन टाकू नका." मी म्हटलं, "नाही देत." त्याने मान हलवली आणि आत जाऊन बसला. बावीस वर्षांचा मुलगा घर सोडून जाताना बापाकडे एकच गोष्ट मागतो, आणि मी ती दिली, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

पण ती कुत्री! तो गेल्यावर तिचं डोकंच फिरलं. मी शिफ्टला, बायको दुपारपर्यंत अंगणवाडीत, आणि ही घराच्या मागच्या मोकळ्या जागेत एकटी. सकाळी आम्ही बाहेर पडलो की जी भुंकायला लागायची ती आम्ही परत येईपर्यंत. बायकोच्या दोन चपला खाल्ल्या. दाराची जाळी फाडली. घरमालक काका देवळात जायला खास चप्पल ठेवतात, ती एक दिवस जिन्याखालून ओढून आणली आणि तिचा पट्टा चघळून टाकला. संध्याकाळी मी थकून येऊन तिला गल्लीच्या तोंडापर्यंत फिरवून आणायचो, पाच मिनिटं. मला वाटायचं, पुष्कळ झालं.

आम्ही राहतो ते घर दोन मजली आहे. खाली आम्ही भाड्याने, वर घरमालक काका आणि त्यांची बायको. तिला सगळेच बा म्हणतात, आम्हीही बाच म्हणतो. मोठी सज्जन माणसं. बाच्या खुब्याचं ऑपरेशन वलसाडला झालं होतं आणि ती घरी येऊन पलंगावर पडून होती. तिची खिडकी नेमकी आमच्या मागच्या जागेवर उघडते. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही.

दिवाळीनंतर गुजराती नवं वर्ष असतं, त्या दिवशी साल मुबारक करायला मी मिठाईचा डबा घेऊन वर गेलो. काकांनी डबा घेतला, माझा हात हातात धरला आणि तो न सोडता म्हणाले, "देखो भाई, बुरा मत मानना. बा दो महिने से ठीक से सोई नहीं. इस कूतरी का कुछ करो. उत्तरायण को मेरी बेटी आती है सूरत से. तब तक." मग म्हणाले, "नहीं तो दूसरा घर देखो. मैं क्या करूँ?"

बोलताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. मी "हो काका" म्हणून खाली आलो. संक्रांतीला अडीच महिने होते. इथे संक्रांतीला सगळे उत्तरायणच म्हणतात, त्या दिवशी अख्खं गाव पतंग घेऊन गच्चीवर असतं.

माझ्या हाताखाली एक फिटर आहे, अथालचाच. त्याची तिथे वाडी आहे. त्याला म्हटलं, तर तो लगेच म्हणाला, "द्या ना साहेब माझ्याकडे, राखणीला मला अजून एक पाहिजेच आहे." मी सुट्टीच्या दिवशी त्याच्या वाडीवर जाऊन आलो. चांगली वाडी, आंबे, चिकू, बोअरचं पाणी. एका चिकूला एक काळा कुत्रा साखळीने बांधलेला होता. साखळी जेवढी लांब तेवढ्या गोलात एक गवताची काडी शिल्लक नव्हती, जमीन तुळतुळीत झालेली. फिटर म्हणाला, "खायला भरपूर देतो हां मी." खोटं बोलत नव्हता, कुत्रा गुटगुटीत होता. पण मला तो गोल काही डोळ्यांपुढून जाईना. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिने पोळपाट आपटला.

तेव्हा काय करायचं ते मला सुचवलं माझ्याच लाइनवरच्या एका ऑपरेटरने. चहाच्या सुट्टीत तो मोबाइलवर काहीतरी बघून हसत होता. मी दरडावलं, "काय चाललंय?" तर त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. परदेशातल्या कुठल्या मैदानावर एक कुत्रा पळत होता. दांडीवरून उडी, बोगद्यातून बाहेर, उभ्या काठ्यांच्या मधून नागमोडी, मग एका चौरंगावर चढून चटकन बसला आणि मालकाकडे बघत राहिला. खाली कोणीतरी लिहिलं होतं की याला अजिलिटी म्हणतात, घरच्या घरीसुद्धा जमतं, आणि कुत्रं नुसतं चालून जेवढं दमत नाही तेवढं असं डोकं लावून पंधरा मिनिटांत दमतं. दमलेलं कुत्रं झोपतं. झोपलेलं कुत्रं भुंकत नाही. एवढं गणित मलाही कळलं.

आता सामान. आमच्या फॅक्टरीत धागा गुंडाळून येतो तो जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांवर, त्यांना आम्ही ट्यूब म्हणतो. दबलेल्या, काठ गेलेल्या ट्यूब भंगारात ढिगाने पडलेल्या असतात. उडीच्या दांड्या आणि नागमोडीचे खांब, दोन्हीला एकदम योग्य वस्तू. पण फॅक्टरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला गेटपास लागतो, मग ती भंगारातली का असेना. आणि हा नियम सगळ्यांत कडक पाळणारा माणूस कोण? तर मी. एकदा एका बाईच्या डब्याच्या पिशवीत मुलाला खेळायला नेलेली एक रिकामी ट्यूब सापडली, तर मी तिला अर्धा तास गेटवर उभी केली होती. त्यामुळे आता स्वतः गपचूप नेणं शक्यच नव्हतं. मी रीतसर गेटपास भरला. वस्तू: खराब पेपर ट्यूब. नग: बारा. कारण या रकान्यापाशी मी अडलो. खोटं लिहायची सवय नाही. लिहिलं, "घरच्या कुत्रीच्या व्यायामासाठी."

मॅनेजर साहेबांनी सही करताना चष्मा वर करून माझ्याकडे दोनदा पाहिलं. गेटवरच्या जमादाराने तो कागद मोठ्याने वाचला, मग दुसऱ्या गार्डला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतला. दुसऱ्या दिवसापासून अख्खी फॅक्टरी मला विचारायला लागली, "साहेब, व्यायाम कसा चाललाय?" ती ट्यूबवाली बाईसुद्धा. तिने विचारलं तेव्हा मात्र मला खाली बघावं लागलं.

मागची जागा किती, तर दोन मोटारी उभ्या राहतील एवढी. खाली फरशी. तिथे मी विटांच्या थप्प्यांवर ट्यूब आडव्या ठेवून तीन उड्या केल्या. तेलाच्या डब्यांत वाळू भरून त्यात ट्यूब उभ्या रोवल्या, ते नागमोडी खांब. पाण्याच्या एका जुन्या निळ्या पिंपाची दोन्ही तोंडं कापून, कडा घासून बोगदा केला. चौरंगाच्या जागी लाकडी फळ्यांचं एक जुनं पॅलेट. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "घरातलं एक खिळा ठोकायचं काम सांगितलं तर चार महिने लागतात तुम्हाला."

आणि मग मी चूक केली. शिफ्ट इन्चार्ज करेल तीच चूक.

आमच्याकडे नवा ऑपरेटर आला की त्याला टार्गेट देतात. आज दोन मशीन, उद्या तीन, परवा चार. जमलं नाही की खडसावायचं, जमलं की टार्गेट वाढवायचं. मला माणसं घडवायची हीच एक रीत माहीत. मी भिंतीवर खडूने तक्ता काढला. पहिला दिवस एक वीट, दुसरा दिवस दोन, तिसरा तीन. ती पहिले चार दिवस हसत खेळत उड्या मारत होती, मी तक्त्यावर बरोबरच्या खुणा करत होतो. पाचव्या दिवशी पाय लागून ट्यूब पडली. मी ओरडलो, "परत!" परत पडली. "परत!" नवव्या दिवशी ती दांडीपाशी आली आणि बसली. मी ओरडलो. तिने मान भिंतीकडे फिरवली. मी अजून जोरात ओरडलो, तर तिच्या पायाखालची फरशी ओली झाली. भीतीने मुतली बिचारी. तीन वर्षांत माझ्या घरात तिने असं कधी केलं नव्हतं.

बायको चिडली की अहिराणीवर येते. ती आतून फडकं घेऊन आली, फरशी पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमले काही समजस का? तिले नोकरीवर ठेयेल शे का तुम्ही?"

मी त्या पॅलेटवर बसलो. मला माझ्या पोराची आठवण आली. त्याला मी गणित शिकवायला बसायचो तेव्हा तोही असाच भिंतीकडे बघायचा. मला वाटायचं, लक्ष नाही त्याचं. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला स्वतःची फार लाज वाटली. बऱ्याच वेळाने ती कुत्री हळूच आली आणि माझ्या गुडघ्याला नाक लावून बसली. माणसाने एवढी लवकर माफी दिली नसती.

भिंतीवरचा तक्ता मी ओल्या फडक्याने पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी सगळ्या विटा काढल्या आणि ट्यूब सरळ जमिनीवर ठेवली. एकच. फरशीवर बायकोने एक जुनी गोधडी अंथरून दिली, पाय सरकू नयेत म्हणून. खिशात उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे. ती ट्यूब ओलांडून आली की तुकडा आणि शाबासकी. नाही ओलांडली तर काही नाही, मी नुसता बसून राहायचो. हे नुसतं बसून राहणं मला किती जड गेलं म्हणून सांगू! ओठांपर्यंत आलेलं ओरडणं गिळायला लागायचं. पहिले दोन दिवस तिने ट्यूबकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी ती ओलांडून आली आणि मी असा काही नाचलो की बायको हसून हसून दाराला टेकली.

मग आम्ही तिघं लागलो कामाला. दहा मिनिटं शिफ्टच्या आधी, पंधरा मिनिटं नंतर. माझी शिफ्ट दिवसाची, तशी तिचीही झाली. उडी कधी एका विटेच्या वर नेली नाही, गरजच नव्हती. मी एक शिकलो की उडीची उंची हा मुद्दाच नाही. तिने माझ्याकडे बघणं, मी हात कुठे दाखवतो ते बघून वळणं, थांबणं, परत निघणं, यातच तिचं सगळं डोकं खर्ची पडायचं. नागमोडी खांबांत ती सुरुवातीला मधूनच बाहेर यायची आणि आपण काहीतरी भारी केलं अशा तोऱ्यात शेपूट हलवायची. पिंपात शिरायला घाबरत होती, तर बायको पलीकडच्या तोंडाशी जमिनीवर पालथी झोपली आणि आत तोंड घालून तिला हाक मारायला लागली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, अंगणवाडीची साडी नेसून! ती कुत्री अशी सुसाट गेली की दोघी एकमेकींच्या अंगावर.

सगळ्यांत अवघड होतं ते पॅलेट. "चढ" म्हटलं की चढायचं, बसायचं, आणि "ये" म्हणेपर्यंत हलायचं नाही. इथे तिचं आणि माझं, दोघांचंही शिक्षण झालं. आधी एक श्वास, मग दोन, मग दहा. तिचं अंग थरथरायचं, शेपूट फळीवर आपटायची, पण ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. पुढे पुढे मी आत जाऊन पाणी पिऊन यायचो तरी ती तिथेच.

मार्गशीर्ष लागेपर्यंत आमच्या घरातला आवाजच बदलला. सकाळचा सराव झाला की ती भाकरी खाऊन गोधडीवर आडवी व्हायची आणि बायको दुपारी येईपर्यंत घोरायची. शेजारची बाई म्हणाली, "तुमची कुत्री दिली वाटतं कोणाला?" बायको म्हणाली, "नाही हो, आत झोपली आहे." चपला खाणं बंद. जाळी नवी लावली ती तशीच राहिली. माझं म्हणाल तर पॅन्टचा पट्टा एक भोक आत गेला, गुडघ्याची कुरकुर कमी झाली. आणि लाइनवर एका नव्या ऑपरेटरने धागा चुकीचा ओवला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो नाही. बाजूला उभा राहिलो. तो इतका घाबरला की म्हणाला, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

एवढं सगळं झालं, पण काकांचा शब्द तसाच होता. उत्तरायणपर्यंत.

बायको रोज म्हणायची, "अहो, वर जाऊन एकदा विचारा ना. आता भुंकत नाही ती. काका नाही म्हणणार नाहीत." मी म्हणायचो, "त्यांनी सांगितलंय. सांगितलं म्हणजे सांगितलं." त्याचं काय आहे, आमच्याकडे लॉगबुकमध्ये एखादी सूचना लिहिली की ती पुढच्या प्रत्येक शिफ्टला चालू राहते. ज्याने लिहिली त्यानेच ती खोडायची. खालच्याने जाऊन "साहेब, अजून आहे का ती सूचना?" असं विचारायचं नसतं. विचारलं की काम टाळतो असा अर्थ होतो. बावीस वर्षं मी या रीतीने काम केलंय आणि दुसऱ्यांकडून करून घेतलंय. काकांना कुत्री चालणार असती तर ते स्वतः बोलले असते, असं माझं पक्कं मत. काका गेटवर भेटायचे. मी म्हणायचो, "केम छो काका?" ते म्हणायचे, "मजामा." मी वाट बघायचो. ते किंचित थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. मी बायकोला सांगायचो, "बघ, काही बोलले नाहीत."

दुसरं घरही पाहिलं. चार ठिकाणी गेलो. कुत्रा म्हटलं की दार बंद.

उत्तरायणच्या आधीचा रविवार तोंडावर आला. सूरतहून काकांची मुलगी दोन दिवसांत येणार होती, वर जिना धुण्याचा आवाज येत होता. मी फिटरला फोन करून सांगितलं होतं, सकाळी टेम्पो घेऊन ये. मुलाला काही कळवलं नव्हतं. कुठल्या तोंडाने कळवणार? रात्रभर माझा डोळा लागला नाही, आणि बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली, तीही जागीच होती.

रविवारी नऊला टेम्पो आला. बायको बाहेर आलीच नाही. फिटरने मागचा फाळका खाली पाडला आणि तिला चुचकारलं. ती त्याच्याकडे बघेना. त्याने दोरी काढली. मी म्हटलं, "दोरी नको. थांब." मला तिला ओढत न्यायचं नव्हतं. मी टेम्पोच्या फळीवर हात ठेवला आणि म्हटलं, "चढ."

ती चढली. एका उडीत. चढून वळली, बसली, छाती पुढे काढून, आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तिला वाटलं, हा आजचा नवा चौरंग. शेपूट फळीवर आपटत होती. आता मी "ये" म्हणेन आणि अंड्याचा तुकडा देईन, याची ती वाट बघत होती.

फिटरने फाळका वर करून खटका लावला. म्हणाला, "साहेब, किती शहाणी आहे हो! काही त्रासच नाही."

तिला पकडून, बांधून, भुंकत नेलं असतं तर मी सहन केलं असतं. पण ती माझ्यावर विश्वास टाकून स्वतःच्या पायाने चढली होती आणि तो विश्वास मीच तिला शिकवला होता, रोज पंचवीस मिनिटं. मी तिथे उभा राहून रडायला लागलो. भर रस्त्यात, हाताखालच्या माणसासमोर. फिटर बिचारा टेम्पोची काच पुसायला लागला.

तेवढ्यात काका दुधाची पिशवी घेऊन गल्लीतून आले. टेम्पो बघितला, कुत्री बघितली, मला बघितलं. म्हणाले, "क्या हुआ? बीमार है कूतरी? कहाँ ले जाते हो?"

मी म्हटलं, "काका, उत्तरायण आली ना. तुम्हीच सांगितलं होतं."

"मैंने?" काका बघतच राहिले. त्यांना आठवायला दोन क्षण लागले, आणि आठवल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं. "अरे भाई! वो तो तब बोला था. बा को दर्द था, मेरा दिमाग खराब था. उसके बाद तो इसने आवाज भी नहीं किया!" मग ते माझ्यावरच चिडले. "मैं रोज गेट पर खड़ा रहता हूँ. सोचता हूँ, आज ये बोलेगा, काका, अब ठीक है ना? तो मैं बोलूँगा, हाँ भाई, ठीक है. तुम बोलते ही नहीं! केम छो, केम छो, बस! मुझे लगा तुम नाराज हो. मैं अपने मुँह से कैसे बोलता?"

मी बाहीने तोंड पुसलं.

काका वर हात करून म्हणाले, "बा रोज पाँच बजे बोलती है, मेरी कुर्सी खिड़की के पास रखो, मेरे को कूदना देखना है. पलंग से उठने को डॉक्टर ने सौ बार बोला, नहीं उठी. इसके लिए उठती है. अब मैं ऊपर जाके क्या बोलूँ उसको?"

मी टेम्पोकडे वळलो. फिटर फाळक्याचा खटका काढायला धावला, पण माझ्याकडून "ये" आधीच निघून गेलं होतं. ओरडलो मी, चांगला फॅक्टरीतला आवाज, आणि ती त्या बंद फाळक्यावरून अशी झेपावली की मी रस्त्यावर बसलोच. चार विटांच्या वर होती ती उडी, आठ असतील. माझं तोंड चाटून झाल्यावर ती खिशात अंडं शोधायला लागली. अंडं नव्हतं. त्या दिवशी मी उकडलंच नव्हतं.

फिटर चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाताना म्हणाला, "बरं झालं साहेब. मलाही बरं नव्हतं वाटत." मी मनापासून त्याचे आभार मानले.

घरात गेलो. बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. तिच्यापुढे एक पिशवी होती, त्यात कुत्रीची घासून लखलखीत केलेली थाळी, घडी घातलेली गोधडी आणि फडक्यात बांधलेल्या चार भाकऱ्या. बाहेर काय झालं ते तिला काहीच माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत ती तांबडी बया माझ्या पायांमधून घुसून थेट तिच्या मांडीवर. बायकोने तिला एक धपाटा घातला, मग घट्ट आवळून धरलं, आणि तिच्या मानेत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काका काय म्हणाले, बा काय म्हणते, सगळं. ती ऐकत गेली. रडणं थांबलं, डोळे पुसले, आणि मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागेच गेलो.

"अकरा पायऱ्या आहेत वर जायला," ती म्हणाली. "अकरा. आणि तुम्ही अडीच महिने खाली बसून राहिलात?"

तिने पिशवीतली एक भाकरी सोडली, तुकडे करून कुत्रीपुढे ठेवली, आणि उरलेल्या तीन आम्ही तिथेच बसून दुधात कुस्करून खाल्ल्या.